बाहीवरची घडी

"अहो, काहीतरी जळतंय."

ती पुढे इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती आणि मी मागच्या खोलीत चादरी पिळत होतो. आमच्या धंद्यात हे शब्द कानावर पडले की हातातले टाकून धावायचे असते. मी ओल्या हातांनीच बाहेर आलो. वास मलाही आला. सुती कापड जळते तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो, लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा. हा लोकरीच्या जवळचा होता.

"बँडमास्तरचा कोट!" मी म्हणालो.

"कोटाला मी अजून हात लावलेला नाही. तो बघा खुंटीवर."

मी टेबलावर अंथरलेली घोंगडी उचलून बघितली. वायर बघितली, प्लग बघितला. ती वाकून एकेक शर्ट नाकाला लावत होती. इस्त्री डाव्या बाजूला टाचेवर उभी होती, तिच्याखाली काहीच नव्हते.

"जवळूनच येतोय हो," ती म्हणाली. "अगदी अंगाशी."

मग तिने पाणी शिंपडायची बाटली घ्यायला हात लांब केला आणि मला दिसले. तिच्या उजव्या दंडाची आतली बाजू इस्त्रीच्या कडेला टेकून गेली होती. कातडीवर बोटभर लांब तपकिरी पट्टा उठला होता. मधे ओलसर, कडेला सुकलेला.

"अगं, तुझा हात."

तिने मान वळवून बघितले. गिऱ्हाईकाच्या कपड्यावरचा डाग बघावा तसे बघितले, आधी केवढा आहे आणि मग जाईल की नाही.

"कळलंच नाही मला," ती म्हणाली आणि हसली. "पण बरं झालं. कोट असता तर बँडमास्तरनं दुकानासमोर उभं राहून वाजवलं असतं."

मला हसू आले नाही. लग्न झाल्यापासून मी तिला इस्त्रीचे चटके खाताना बघत होतो. दरवेळी ती दातांतून 'स्स' करायची, बोट तोंडात घालायची आणि पुन्हा कामाला लागायची. त्या दिवशी ते 'स्स' ऐकू आले नाही. हात भाजला होता आणि हाताने मालकिणीला सांगितलेच नव्हते.

आमची लाँड्री लहान आहे. पुढे काउंटर आणि इस्त्रीचे टेबल, मागे धुण्याची खोली, आणि वर आम्ही राहतो. मी धुतो, ती इस्त्री करायची. "पाणी तुमचं, आग माझी," असे तिने पहिल्याच महिन्यात वाटून टाकले होते. लोक आमच्याकडे यायचे ते माझ्या धुण्यासाठी नाही, तिच्या बाह्यांसाठी. शर्टाची पाठ कुणीही करील. बाहीला दोन पदर असतात, वरच्यावर इस्त्री फिरली की खालचा चुरगळतो, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत घडी एका रेषेत यावी लागते. तिची यायची. बँडमास्तर तर कोट नेण्याआधी बाही उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि घडीवरून बोट फिरवायचा. "वहिनी, हिच्यावरून मुंगी चालली तर सरळ मनगटाला पोचेल," असे म्हणायचा. ती म्हणायची, "मुंगी तुमच्याच घरची असणार, गोडाची. कोट नीट झटकत जा."

त्या चटक्याच्या आधी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन झाले. स्तन काढला आणि काखेतल्या गाठीही काढल्या, कारण त्यांच्यातल्या काहींपर्यंत आजार पोचला होता. मोठ्या डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून समजावले. हातातले पाणी वाहून नेणारे बारीक रस्ते असतात, ते काखेतल्या या गाठींतून जातात, आता गाठी नाहीत म्हणून पाण्याला वाट कमी.

"म्हणजे मोरी तुंबणार," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले.

"तुंबेलच असं नाही," ते म्हणाले. "पण जपावं लागेल. त्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही. रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही. जड उचलायचं नाही. कापणं, भाजणं, काहीही होऊ द्यायचं नाही."

"आणि इस्त्री?"

"थोडे दिवस नको."

"थोडे म्हणजे?"

डॉक्टरांनी कागद चाळले. तिने ते लक्षात ठेवले. जिन्यात मला म्हणाली, "माणूस चांगला आहे. खोटं बोलायची वेळ आली की कागद चाळतो."

घरी आली तेव्हा कुशीतून एक नळी बाहेर आलेली होती आणि टोकाला प्लास्टिकची डबी. डबीत लालसर पाणी जमायचे. ती डबी झग्याच्या आत पिनेने अडकवायची आणि लोकांसमोर ताठ बसायची. नळी निघाल्यावरही काखेत पाणी साठले, ते सुईने काढावे लागले. मग हात वर जाईना. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईने भिंतीवर बोटांनी चढायला शिकवले. चढता चढता एक दिवस ती थांबली.

"इकडे या. हे बघा काय."

काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी दिसत होती. हात उचलला की उठून यायची, खाली केला की जायची.

"बघा, आता दोरी पण घरातच झाली," ती म्हणाली. "टाका एखादा शर्ट वाळत."

व्यायामवालीने सांगितले की असे होते, काही आठवड्यांत जाते. गेलीही. दंडाची आतली बाजू बधिर होती, तिथली जाण मात्र परत आली नाही. ऑपरेशनमध्ये तिथली नस गेली होती. "हा एवढा हात भाड्यानं आणलाय," ती म्हणायची. "साबण लावते तर दुसऱ्या कुणाला आंघोळ घातल्यासारखं वाटतं."

औषधाच्या सुया झाल्या, किरण झाले, केस गेले आणि बारीक उगवले. या सगळ्यात माझी थोरली बहीण, आक्का, आमच्याकडे येऊन राहिली होती. आक्काने घर सांभाळले, दुकानात मात्र तिचा पाय नको असे आम्हां दोघांनाही वाटायचे. एकदा ती हौसेने इस्त्रीला उभी राहिली आणि शाळेच्या मोठ्या बाईंच्या नायलॉनच्या साडीवर आडवी घडी पाडून बसली. मी तीनदा धुतली, घडी हलेना.

"वन्सं, सुती कापड चूक माफ करतं," ही खाटेवरून म्हणाली. "नायलॉन नाही करत. त्याच्यावर गरम इस्त्रीची घडी पडली की ती जन्माची."

"मग तूच ऊठ बाई लवकर," आक्का म्हणाली. "तुझ्या या कापडांच्या भावकीत माझं काही खरं नाही."

ती उठली. डाव्या हाताने इस्त्री धरायला शिकली. आणि डाव्या हाताने काम करतानाच तो चटका बसला, बधिर उजव्या हाताला.

चटक्याचे तिने काही मानले नाही. थंड पाण्याखाली धरला, मलम लावले, वर सैल कापड गुंडाळले. दुसऱ्या दिवशी कोट करून दिला. त्यानंतर एका दुपारी ती टेबलावरची इस्त्री बंद करून स्टुलावर बसली. भर उन्हात तिला हुडहुडी भरली होती. मी हातावरचे कापड सोडले. पट्ट्याच्या आजूबाजूला हात लाल झाला होता आणि ती लाली खाली कोपराच्या पुढे उतरली होती. हाताला हात लावला तर चालू ठेवलेल्या इस्त्रीजवळ गेल्यासारखे वाटले.

तिला दवाखान्यात ठेवले. जंतू शिरले होते. औषधाने ताप उतरला, लाली गेली, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. मनगटाचे हाड दिसेनासे झाले. बोटांच्या मुळाशी सांध्याचे खळगे असतात ते भरून आले. दंडावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. ती स्वतःच दाबून बघायची आणि मग माझ्याकडे न बघता बाही खाली करायची.

तेव्हा व्यायामवालीने तिला ती बाही दिली.

मापे घेऊन मागवलेली, अंगाच्या रंगाची, मनगटापासून काखेपर्यंत. जाड, ताणलेली. घालायलाच दोघे लागायचे. बाही हाताला दाबून धरते, पाणी वर ढकलते. व्यायामवालीने सगळे सांगितले. सकाळी उठल्या उठल्या घालायची, रात्री काढायची, रोज साध्या साबणाने धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. हिने मान डोलावली. धुण्याबद्दल आम्हांला आणखी कोण काय सांगणार?

बाहीने काम केले. महिन्याभरात मनगटाचे हाड दिसू लागले. आक्काने तिच्या घरी फोन करून हे हाड दिसल्याची बातमी अशी दिली की जणू नातू झाला. ही उजव्या हाताने हलके रुमाल करू लागली, मग उशांचे अभ्रे, मग शर्ट. मी मागे पाणी ओतताना पुढून इस्त्री टेकवल्याचा आवाज ऐकायचो. डाव्या हाताने टेकवली की दोनदा वाजायचे, उजव्याने एकदाच. आता एकदाच वाजत होते. आक्का पिशवी भरून तिच्या घरी गेली.

हात पुन्हा कधी भरू लागला ते नेमके सांगता येणार नाही. कपडा विटतो तसे झाले, रोज बघणाऱ्याला कळत नाही. एक दिवस तिने झग्याच्या मनगटाचे बटण लावलेच नाही. मग दुकानात कुणी आले की ती उजवी बाजू टेबलाआड करून उभी राहू लागली. इस्त्री दोनदा वाजू लागली. जेवताना दोघेही त्या हाताकडे बघत नव्हतो आणि दोघांनाही ते कळत होते. आजार परत आला तर हात आधी फुगू शकतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. ते वाक्य आता आमच्यासोबत ताटावर बसायचे.

शेवटी तीच म्हणाली, "चला, दाखवून येऊ. तुम्ही असं बघताय की मला वाटतंय मीच कुणाचा तरी कपडा हरवलाय."

व्यायामवालीने बाही उतरवली. उतरवताना तिच्या कपाळाला आठी पडली, कारण बाही सहज उतरली. तिने दोन्ही हातांत धरून ताणली. ताणली ती तशीच राहिली.

"ही कधीची आहे?"

"तुम्हीच दिलेली," ही म्हणाली. "अजून वर्ष पण नाही झालं."

"धुता कशी?"

मला जरा रागच आला. "बाई, आमचा धंदाच तो आहे."

"रोज धुते," ही म्हणाली. "साधा साबण. पिळत नाही. सावलीत वाळवते. आणि मग इस्त्री."

"आणि मग काय?"

"इस्त्री. घडी पाडून."

व्यायामवालीने बाही टेबलावर ठेवली.

"इस्त्री करता? हिला? रोज?"

"मग? चुरगळलेली बाही घालून काउंटरवर उभी राहू? लोक काय म्हणतील, लाँड्रीवालीची बाही बघा!"

व्यायामवाली आधी खुर्चीवर बसली आणि मग हसू लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "अहो ताई, यात नायलॉनसोबत रबराचे धागे असतात. गरम इस्त्रीनं सगळे मेले. ही आता नुसती पिशवी झालीय. इतक्या बायका माझ्याकडे येतात, पण इस्त्री करू नका असं सांगायचं मला आजवर सुचलं नाही."

"मला वाटलं धाग्याला जरा शिस्त लागेल," ही म्हणाली, आणि मग तीही हसली. मीही हसलो. दुकान उघडण्याआधी ती सगळ्यांत पहिली तीच बाही करायची, ते मी रोज बघत होतो. मलाही त्यात काही वावगे दिसले नव्हते. आमच्या घरात धुतलेली वस्तू इस्त्री न करता अंगावर जात नाही. बाहीवर तिची घडी होतीच, खांद्यापासून मनगटापर्यंत, बँडमास्तरच्या कोटावर असते तशी.

त्या दिवशी आम्ही बसने न येता चालत आलो. वाटेत बाकावर बसून चहा घेतला. तिने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "जीव भांड्यात पडला हो," ती म्हणाली. "मी तर मनात काय काय आवरून ठेवलं होतं."

"काय आवरलंस?"

"कुणाचे कपडे कुठे आहेत, ते."

ही गोष्ट सगळीकडे झाली. बँडमास्तरने ती ज्याला त्याला सांगितली. लोक आत यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, मोजे पण आणलेत, धाग्यांना शिस्त लावा." ती म्हणायची, "आधी पाय धुवून या." आक्काला फोनवर सांगितले तर ती इतक्या जोरात हसली की मी फोन कानापासून लांब धरला.

"हिचं म्हणजे जित्याची खोड..." आक्का म्हणाली आणि पुढचे बोलली नाही. ती म्हण पुरी कशी होते ते आम्हां तिघांनाही ठाऊक होते. "बरं, ठेवते. दूध उतू जातंय," असे म्हणून तिने फोन ठेवला.

नवी बाही आली. हिने ती धुतली, सावलीत वाळवली आणि इस्त्री न करता घातली. तिला ते जड गेले. सकाळी बाही हातात घेऊन ती एकदा टेबलाकडे बघायची, आणि मग मला हाक मारायची, "या, चढवा हे गाठोडं." बाही घट्ट होती, दाबून धरत होती. आता महिन्याभरात मनगटाचे हाड दिसेल असे आम्ही ठरवून टाकले होते.

हाड दिसले नाही.

नवीन आहे, बसायला वेळ लागतो, असे मी म्हणालो. बँडमास्तर म्हणाला, उन्हाळा आहे. व्यायामवालीने फोनवर हात उशीवर उंच ठेवून झोपायला सांगितले. ते केले. हात बाहीच्या वर, खांद्याजवळ फुगू लागला. बोटे बाहीच्या खालून फुगून यायची. तिला रात्री हातात कळ मारायची. ती बोलायची नाही, पण सकाळी उशीवर तिच्या दातांची खूण असायची.

एका दुपारी मी पुढे येऊन धुतलेल्या कपड्यांना गिऱ्हाईकांच्या खुणेच्या चिंध्या बांधत बसलो होतो. ती डाव्या हाताने एक पांढरा शर्ट करत होती.

"अहो, ही बाही नवीच आहे ना?"

"हो."

"हिला कुणी इस्त्री नाही ना केली?"

"नाही. कोण करणार?"

तिने शर्ट उलटला. कॉलर ताणली, दोन्ही टोके जुळवली, इस्त्री फिरवली.

"मग?" ती म्हणाली.

मी चिंधीची गाठ मारत राहिलो. ती गाठ मला बसेना. तिने शर्ट पुरा केला, घडी घातली आणि फळीवर ठेवला.

मोठ्या डॉक्टरांनी तिच्या हाताकडे बघितलेच नाही. त्यांनी गळ्याच्या हाडावर, उजव्या बाजूच्या खोबणीत बोटे ठेवली आणि डोळे मिटून चाचपले. मग त्यांनी कागद चाळले.

"सांगा," ती म्हणाली. "कागद राहू द्या."

त्यांनी सांगितले. तपासण्या होतील, पण त्यांना वाटते आहे ते असे. गळ्याजवळ गाठी झाल्या आहेत, काखेत खोलवरही असतील, पाण्याची उरलेली वाट त्यांनीच दाबली आहे. बाही चांगली आहे. बाहीचा काही दोष नाही.

बाहेर व्यायामवाली भेटली. तिला कळले होते. मागच्या वेळी ती हसली होती, त्याची आता तिला लाज वाटत असावी, कारण ती जमिनीकडे बघत होती.

"अहो बाई, हसलात ते बरं केलंत," ही तिला म्हणाली. "तेवढे महिने मला फुकट मिळाले. मी खुशाल झोपले."

पुढे उपचार झाले. त्यांचे वर्णन करून उपयोग नाही, ज्यांच्या घरात झाले त्यांना माहीत आहे. आक्का परत आली, या वेळी पिशवी मोठी होती. उजवा हात इतका जड झाला की ही तो डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायची. तरी दुपारी जिना उतरून खाली यायची आणि स्टुलावर बसून एक हातरुमाल करायची. रुमालाला बाही नसते, म्हणायची, त्यामुळे सोपे जाते. एकदा मी कोट करत होतो, ती बघत होती. बाहीपाशी आलो तशी ती म्हणाली, "थांबा. ओलं फडकं आधी. आणि दाबू नका हो, नुसती सोबत जा तिच्या." मी सोबत गेलो. घडी कोपरापाशी वाकडी झाली.

"चालेल," ती म्हणाली.

ती कधीही 'चालेल' म्हणायची नाही. त्या एका शब्दाने मला जेवढी भीती वाटली तेवढी डॉक्टरांच्या कागदांनी वाटली नव्हती.

शेवटच्या खेपेला दवाखान्यात ती बहुतेक वेळ डोळे मिटून असायची. सकाळी नवी नर्स आली, नुकतीच कामाला लागलेली पोर. तिने रक्तदाबाचा पट्टा काढला आणि जवळचा म्हणून उजवा हात उचलला. मी बोलणार तेवढ्यात हिने डोळे उघडले.

"तो नको गं," ती म्हणाली. "त्याला जपायचंय. हा घे."

आणि डावा हात चादरीतून बाहेर काढून पुढे केला. नर्सने माझ्याकडे बघितले. मी तिला म्हणालो, "ती सांगते तसं करा." तिने डाव्या हाताला पट्टा बांधला. त्यानंतर ही मला थोडेफार बोलली, पण नीट कळले असे तेवढेच.

ती गेल्यावर आक्काने कपाट आवरायला घेतले. बाकीचे तिने पाहिले, दोन्ही बाह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "या तू बघ." मी दोन्ही खाली नेल्या आणि धुतल्या. आमच्याकडून न धुतलेली वस्तू कुणाच्या हातात जात नाही. नवी बाही वाळली तेव्हा कुणी कधी घातलीच नव्हती अशी दिसत होती. ती मी व्यायामवालीला नेऊन दिली, कुणाला मापात बसली तर बसावी म्हणून. तिने दोन्ही हातांनी घेतली.

जुनी कुणाच्या उपयोगाची नव्हती. मी ती धुतली, पाण्यात चुरगळली, पिळू नये ती पिळलीही. वाळली तेव्हा घडी जिथल्या तिथे होती. काउंटरच्या मागे फळीवर मी ती ठेवली. तिला तेवढी खुणेची चिंधी नाही, कारण न्यायला कुणी येणार नाही.

नंतर बँडमास्तर कोट न्यायला आला. दारात उभा राहिला, आत आला, टोपी काढली. मी कोट काढेपर्यंत त्याची नजर फळीवर गेली. त्याने ती बाही उचलली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि वरपासून मनगटापर्यंत घडीवरून सावकाश बोट फिरवले. मग होती तशी, घडीवर घडी जुळवून परत ठेवली.

मी केलेला कोट त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने उजेडाकडे धरला नाही. नुसता हातावर घेतला आणि टोपी घालून गेला.